धोटा गेला, दार उघडले का?

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही बारावी झालेल्या मुलामुलींसाठी मार्गदर्शन शिबिर घेतो. यंदाच्या शिबिरात एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. तिला अभियांत्रिकीची जागा मिळत होती, पण टेक्स्टाईलची. कॉम्प्युटरला नंबर लागत नव्हता. वडील सफाई खात्यात नोकरीला. ते उभे राहून म्हणाले, "सर, माझा आजा गिरणीत खपला. गिरण्या बंद पडल्या, तिथं मॉल झाले. आता पोरीला परत गिरणीतच धाडू का?" सगळे हसले. आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने सल्ला दिला, "एक वर्ष गॅप घे, पुन्हा सीईटी दे, कॉम्प्युटरच घे."

मुलीने शांतपणे एवढेच विचारले, "पण सर, टेक्स्टाईलमध्ये आता नेमकं काय करतात?"

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. चळवळीत वीस-पंचवीस वर्षे घालवलेले आम्ही, मनुस्मृतीवर तासभर बोलू शकणारे आम्ही, एका अठरा वर्षांच्या मुलीच्या साध्या प्रश्नापुढे गप्प झालो. त्यानंतर आम्ही वाचले, माहीतगार माणसांना विचारले, प्रयोगशाळा आणि कारखाने पाहिले. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

साळखात्याचे दार

सुरुवात त्या आजोबांपासूनच करू. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती. पण कुठे? रिंग खात्यात, झाडलोटीत, ओझी वाहण्यात. विणकाम खाते म्हणजे साळखाते. तिथे पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय सांगितले जाई? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालताना धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचा ओठ लागलेल्या धोट्याला दुसरा कामगार ओठ कसा लावणार? विटाळ होईल!

बघा, कापडाच्या गिरणीत वाफेचे इंजिन आले, वीज आली, मँचेस्टरची यंत्रे आली. पण जात गिरणीच्या फाटकाबाहेर थांबली नाही. ती आत येऊन धोट्यावर बसली. लाल बावटा खांद्यावर घेणाऱ्या कामगारांनीही हा धोटा आपणहून पुढे केला नाही. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, आणि १९३८मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत कामगारांचे दोन शत्रू सांगताना भांडवलशाहीच्या जोडीला ब्राह्मणशाहीचे नाव घेतले. जातिव्यवस्थेने कामे वाटली आणि त्यासोबत काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली, हे त्यांचे म्हणणे साळखात्याच्या दारात उभे राहिले की पुस्तक न उघडताही समजते.

आता काळाची गंमत पाहा. आज जगातल्या कापड उद्योगाची एक मोठी आणि वाढती शाखा अशी आहे, जिच्यात धोटा नाही, साचा नाही, ताणा नाही, बाणा नाही. विणकामच नाही. या कापडाचे नावच 'नॉनवोव्हन', म्हणजे न विणलेले. ज्या कामावरून आपल्या आजोबांना हाकलले ते कामच या शाखेने काढून टाकले. मग प्रश्न असा की, धोटा गेला तर दार उघडले का?

न विणलेले कापड म्हणजे काय?

मास्क घरात असेल तर तो हातात घ्या. त्यावर बारीक बारीक ठिपक्यांची नक्षी दिसेल. ती शोभेसाठी नाही. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे दाणे वितळवून हजारो सूक्ष्म छिद्रांतून ढकलतात, हवेच्या झोताने त्यांचे तंतू ताणतात आणि ते सरकत्या पट्ट्यावर अस्ताव्यस्त पसरतात. मग तापलेल्या रोलरखालून तो थर जातो. रोलरवर उंचवटे असतात, त्या जागी तंतू एकमेकांना चिकटतात. तेच हे ठिपके. एका टोकाला दाणे ओता, दुसऱ्या टोकाला कापडाचा गुंडाळा काढा. सूत कातणे नाही, विणणे नाही. याला स्पनबाँड म्हणतात.

तंतू याहून बारीक हवे असतील तर वितळलेल्या प्लास्टिकवर गरम हवेचा जोरदार फवारा मारतात. ते मेल्टब्लोन. ही पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत आकाराला आली, तीही हवेतले किरणोत्सारी कण पकडता यावेत म्हणून. कोरोनाच्या टाळेबंदीत मास्कच्या तुटवड्याचे एक मोठे कारण हा मधला थर होता. त्या थरावर विद्युतभार चढवून त्याची गाळण्याची ताकद वाढवणारे शास्त्रज्ञ पीटर त्साई हे तैवानमधून अमेरिकेत गेलेले टेनेसी विद्यापीठातले प्राध्यापक. निवृत्त झालेला हा माणूस २०२०मध्ये पुन्हा कामाला लागला.

कापूस किंवा व्हिस्कोससारखे आखूड तंतू असतील तर ते आधी पिंजावे लागतात. पिंजारी धनुकलीने जे करायचा ते कार्डिंगचे यंत्र करते. मग काटेरी सुयांनी टोचून, नाहीतर पाण्याच्या अतिवेगवान बारीक धारांनी ते एकमेकांत गुंतवतात. ओले पुसणे, ज्याला बाजारात वेट वाइप म्हणतात, ते बहुधा या पाण्याच्या धारांनी गुंतवलेले कापड असते.

आणि या न विणलेल्या कापडाचा एक फार मोठा ग्राहक कोण? सॅनिटरी पॅड, बाळाचा डायपर आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांचा डायपर. म्हणजे रक्त, लघवी, विष्ठा. ज्यांना हात लावणाऱ्याला या देशाने अस्पृश्य ठरवले, त्याच गोष्टींभोवती आज जगभर पदव्या, प्रयोगशाळा, पेटंटे आणि अब्जावधींचा धंदा उभा आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण या लेखाचा सगळा मुद्दा त्यात आहे.

शोध कोणी लावले, नाव कोणाचे झाले?

पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून जखमेवर लावायची गादी तयार केली. ती कापसापेक्षा कितीतरी जास्त द्रव शोषायची. युद्धभूमीवरच्या रुग्णालयांतल्या परिचारिकांनी तिचा दुसरा उपयोग शोधला. त्या मासिक पाळीत ती वापरू लागल्या. युद्ध संपल्यावर कंपनीने १९२०मध्ये तेच उत्पादन 'कोटेक्स' नावाने बाजारात आणले. कल्पना बायकांची, माल कंपनीचा. त्या परिचारिकांची नावे कुठल्याही पेटंटवर नाहीत.

मॅरियन डोनोव्हन ही दुसरी बाई. बाळाची ओली दुपटी आणि भिजलेली पलंगपोसे धुऊन कंटाळलेल्या या आईने न्हाणीघरातला पडदा फाडून शिवणयंत्रावर लंगोटावरचे गळू न देणारे आवरण शिवले. कारखानदारांनी तिला परत पाठवले, तेव्हा तिने स्वतः माल बनवला. १९४९मध्ये तो न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात विकला गेला, १९५१मध्ये पेटंट मिळाले आणि हक्क दहा लाख डॉलरला विकले गेले. पुढे तिने कागदाच्या, वापरून फेकायच्या लंगोटाची कल्पना मांडली. कंपन्यांच्या साहेबांनी ती हसण्यावारी नेली. पुढे १९६१मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याच्या पुढाकाराने 'पॅम्पर्स' बाजारात आजमावायला सुरुवात केली. बाई म्हणून डोनोव्हनला हसले, पण ती गोरी होती, तिचे वडील आणि काका कारखानदार होते, लहानपण यंत्रांत गेले होते. तिला दार ठोठावता तरी आले.

आता तिसऱ्या बाईकडे या. आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते तिच्याबद्दल.

मेरी बीट्रिस डेव्हिडसन केनर. जन्म १९१२, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले मन्रो गाव. कृष्णवर्णीय. वडील स्वतः खटपटे, शोधक वृत्तीचे. पोर लहानपणापासून घरातल्या वस्तूंत सुधारणा शोधायची. कुटुंब वॉशिंग्टनला आले. तिने हॉवर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला, पण पैशांअभावी शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मिळेल ते काम केले, सरकारी नोकरी केली, पुढे फुलांची दुकाने चालवली. त्या काळी पॅडला चिकटपट्टी नव्हती, तो कमरेच्या पट्ट्याला अडकवावा लागे, तो सरकायचा, डाग पडायचे. केनरने हा पट्टा सुधारला आणि त्याला ओल बाहेर जाऊ न देणारा कप्पा जोडला. कल्पना तरुणपणीच सुचली होती. पेटंट घ्यायला पैसे नव्हते. पहिले पेटंट मिळाले ते १९५६मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

मग एका कंपनीने रस दाखवला. आता दिवस पालटणार असे तिला वाटले. कंपनीचा माणूस तिला भेटायला वॉशिंग्टनला आला. समोर काळी बाई पाहिली आणि कंपनीचा रस संपला. शोध तोच, कागद तोच, पेटंटचा शिक्का अमेरिकन सरकारचा. कमी पडला तो चामडीचा रंग.

यथावकाश पेटंटची मुदत संपली, चिकटपट्टीचे पॅड आले आणि पट्टाच इतिहासजमा झाला. तिला त्या शोधातून पैसा मिळाला नाही. पण बाई थांबली नाही. १९५६ ते १९८७ या काळात तिने एकूण पाच पेटंटे मिळवली. त्यात अपंगांच्या आधारगाडीला जोडायची पिशवी आहे, पाठ घासायचे साधन आहे. २००६मध्ये ती वारली.

मित्रांनो, ही गोष्ट वाचून तुम्हाला कोण आठवले? आम्हाला बडोद्यातले बाबासाहेब आठवले. कोलंबियाची पदवी खिशात, आणि राहायला खोली नाही. गुणवत्ता असली की जात आडवी येत नाही, असे आपल्याला रोज ऐकवणाऱ्यांनी केनरबाईच्या दिवाणखान्यातला तो प्रसंग डोळ्यासमोर आणावा. तिच्याकडे गुणवत्तेचा सरकारी दाखला होता.

पण या गोष्टीतून आपल्या काही लोकांनी चुकीचा धडा घेऊ नये. 'बघा, काही उपयोग नाही, दार बंदच आहे' हा तो चुकीचा धडा. केनरबाईकडे शोध होता, पण कारखाना नव्हता, भांडवल नव्हते, तिच्या बाजूने बोलणारा त्या कंपनीत एकही माणूस नव्हता. ती एकटी होती. खरा धडा हा आहे की एकट्याने शोध लावून भागत नाही. प्रयोगशाळेत, कंपनीच्या बैठकीत, पेटंट कार्यालयात आणि बँकेत अशी चारही ठिकाणी आपली माणसे लागतात.

त्याच वस्तूचे दुसरे टोक

एक सॅनिटरी पॅड उघडून पाहा. वरचा थर नॉनवोव्हन किंवा छिद्रांची फिल्म. त्याखाली द्रव पटकन पसरवणारा थर. मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि सुपर अ‍ॅब्सॉर्बंट पॉलिमरचे दाणे, ज्याला कारखान्यात नुसते 'सॅप' म्हणतात. खाली प्लास्टिकची फिल्म, मग गोंद आणि सोलून काढायचा कागद. काही ग्रॅमच्या या वस्तूत पाच-सहा शास्त्रे आहेत. त्यातला बराच भाग प्लास्टिक.

आता ती वापरल्यावर जाते कुठे? कागदात गुंडाळून कचऱ्यात. आणि कचरा उचलते कोण? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३पासून काम करते. तिच्या सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. या बायकांना ओल्या-सुक्या कचऱ्यातून हे पॅड हाताने वेगळे करावे लागतात. त्यांनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, निदान आम्हाला कळेल, अशी मोहीम चालवली. त्याआधी वापरलेले पॅड थेट कंपन्यांना परत पाठवण्याचे आंदोलनही केले. २०१६च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी प्रत्येक पॅडसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावे, नाहीतर पूर्ण पुनर्वापर होईल असा माल वापरण्याची शक्यता तपासावी, असे लिहिले होते. आपल्या घरातले पाकीट पाहा आणि तो नियम किती पाळला गेला ते तुम्हीच ठरवा.

बरेच पॅड आणि ओले पुसणे संडासात टाकले जातात. ते विरघळत नाहीत. विरघळू नयेत म्हणूनच तर ते तसे बनवलेले असतात. गटार तुंबते. २०१७मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबी आणि असल्या पुसण्यांचा अडीचशे मीटर लांबीचा, एकशे तीस टनांचा गोळा सापडला. तो फोडायला माणसे उतरली ती संपूर्ण संरक्षक पोशाख घालून आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची यंत्रे घेऊन. त्याची बातमी जगभर झाली, त्याचा तुकडा संग्रहालयात ठेवला. आपल्याकडे गटार तुंबले की काय होते? २०१३चा कायदा असूनही दोरी बांधून माणूस उतरवला जातो. आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे आम्ही सांगायला नको.

म्हणजे एकाच वस्तूची दोन टोके आहेत. एका टोकाला वातानुकूलित प्रयोगशाळेत तिचे पेटंट घेणारा, दुसऱ्या टोकाला ती उघड्या हाताने उचलणारी. पहिल्या टोकावरच्या माणसाने वस्तू बनवताना दुसऱ्या टोकावरच्या बाईचा कधी विचारच केलेला नाही, कारण ती त्याच्या घरातली नाही. तिची लेक त्या प्रयोगशाळेत असती तर पहिल्याच बैठकीत तिने विचारले असते की हे माझी आई कशी उचलणार? वस्तूच्या आराखड्यात जात कशी शिरते, ते इथे दिसते.

तीन आक्षेप

आम्ही हे बोलू लागलो की तीन आक्षेप हमखास येतात. तिन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून उत्तरे देतो.

पहिला आक्षेप: "पिढ्यान् पिढ्या घाण उपसली, आता शिकून पुन्हा त्यातच जायचे?" हा आक्षेप आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो अपमानाच्या आठवणीतून येतो. पण फरक नीट पाहा. डॉक्टर रक्त हाताळतो, त्याला विटाळ होत नाही. तपासनीस लघवीची बाटली हाताळतो, तो साहेब असतो. विटाळ वस्तूत कधीच नव्हता, तो हाताळणाऱ्याच्या जन्मावर लादलेला होता. ज्ञान, पगार, हातमोजे आणि निर्णयाचा अधिकार घेऊन तीच वस्तू हाताळणे म्हणजे त्या लादलेल्या विटाळाला दिलेला नकार आहे. आणि मासिक पाळीचा विटाळ मानणाऱ्या धर्मशास्त्राला आपल्या मुलीने त्या विषयातले पेटंट घेऊन दिलेले उत्तर कोणत्याही भाषणापेक्षा मोठे असेल.

दुसरा आक्षेप: "खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आपल्याला कोण घेणार?" हे खरे आहे आणि खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आपण सोडता कामा नये. पण साळखात्यात प्रवेशाची मागणी करताना 'आधी प्रवेश द्या, मग विणायला शिकू' असे म्हणून चालले नसते. कसब हातात असेल तर मागणीला धार येते. शिवाय ही शाखा नवी आहे. तिथे पिढीजात मक्तेदारी अजून पूर्ण पक्की झालेली नाही. जागा पक्क्या होण्याआधी आत जायचे की पक्क्या झाल्यावर बाहेर मोर्चा काढायचा?

तिसरा आक्षेप: "हे प्लास्टिक पर्यावरणाला घातक आहे, कापडी घड्याच बऱ्या." कापडी घडी वापरायची की पॅड, हे ठरवायचा हक्क वापरणाऱ्या बाईचा. पण घडी धुवायला पाणी लागते, वाळवायला ऊन आणि आडोसा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत, सार्वजनिक नळावर, हे कुठून आणायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार १५ ते २४ वयाच्या सुमारे ६४ टक्के मुली सॅनिटरी नॅपकिन वापरतात आणि जवळपास निम्म्या मुली कापडही वापरतात, म्हणजे अनेकजणी दोन्ही वापरतात. परवडले तसे. म्हणून प्लास्टिकला पर्याय शोधणे गरजेचेच आहे, पण तो शोधणार कोण? प्रयोगशाळेबाहेर बसून पर्यावरणावर निबंध लिहिणारा तो शोधणार नाही. आज बहुतेक पॅडमधला लगदा परदेशी पाइन झाडांचा असतो. जळगावची केळी, पश्चिम महाराष्ट्राचा ऊस, विदर्भाचा कापूस, यांतून तो काढता येईल का? सॅप शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते, पण क्षार असलेले पाणी त्याच्या कितीतरी कमी शोषते, आणि रक्तापुढे तर आणखी अडखळते, कारण रक्तात प्रथिने आणि पेशी असतात. हे कसे सुधारायचे? विहारातल्या मुलांना हा प्रयोग दाखवा: डायपर फाडून त्यातले दाणे काढा, पाणी घाला, फुगू द्या, मग चमचाभर मीठ टाका. फुगलेला गोळा पाणी सोडतो. एका चमचा मिठाने एक संशोधनाचा विषय समोर उभा राहतो.

मुरुगनंतम यांच्याकडून काय शिकायचे?

अरुणाचलम मुरुगनंतम हे नाव सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झाले. कोइम्बतूरच्या हातमाग विणकरांच्या घरातला हा मुलगा. वडील अपघातात गेले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. बायको पाळीत चिंध्या वापरते हे पाहून त्याने पॅड बनवायचा ध्यास घेतला. आधी कापूस वापरला, जमले नाही. कंपन्या लाकडाचा लगदा वापरतात, एवढी एक गोष्ट शोधायला त्याला काही वर्षे लागली. मोठे परदेशी यंत्र कोट्यवधींचे होते, त्याने सुमारे ६५ हजार रुपयांत छोटे यंत्र तयार केले. २०१६मध्ये पद्मश्री मिळाली.

त्यांचे कौतुक आहेच. पण आम्हाला वेगळा प्रश्न पडतो. लगदा हे एक उत्तर शोधायला वर्षे का जावी लागली? कारण ते ज्ञान कंपनीच्या भिंतीआड होते आणि तो माणूस शाळेबाहेर होता. आपल्या हजारो मुलांनी एवढी वर्षे का वाया घालवावीत? ते उत्तर अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात मिळते.

दुसरी गोष्ट, सरकार आणि संस्था बचत गटांना छोटी यंत्रे वाटतात, फोटो निघतात. यंत्र दिले म्हणजे उद्योग उभा राहत नाही. कच्चा माल घाऊक भावात मिळाला पाहिजे, आयएस ५४०५ या भारतीय मानकाप्रमाणे तपासणी झाली पाहिजे, विक्रीची साखळी पाहिजे. २०१८मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला, हे स्वागतार्हच. पण माल करमुक्त झाल्यामुळे कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, ही गोष्ट गटातल्या बाईला कोणी समजावून सांगितली का? हे समजणारा आपला एक सनदी लेखापाल आणि एक टेक्स्टाईल अभियंता त्या गटाच्या शेजारी उभा राहिला तर यंत्रावर धूळ बसणार नाही.

आता काय करायचे?

१९४२मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की कला आणि कायद्याच्या पदव्यांपेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण आपल्या समाजाला वर काढील, आणि त्यासाठी देशात आणि परदेशात शिकायला शिष्यवृत्त्या द्या. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो! त्या प्रयत्नांतून आपल्या काही विद्यार्थ्यांना परदेशाची दारे उघडली. चरख्याचे गोडवे गायले जात असताना बाबासाहेब यंत्राच्या बाजूने उभे होते. त्यांच्या मते दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे. आपण त्यांचा फोटो लावतो, हे निवेदन मात्र वाचत नाही.

म्हणून काही ठोस गोष्टी सांगतो. टेक्स्टाईलचे शिक्षण महाराष्ट्रातच आहे: मुंबईत व्हीजेटीआय आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, नांदेडचे गुरू गोविंदसिंगजी महाविद्यालय, इचलकरंजीची डीकेटीई. या डीकेटीईत तर केंद्र सरकारच्या योजनेतून खास नॉनवोव्हनचे उत्कृष्टता केंद्र आहे. यंत्रमागांच्या गावात न विणलेल्या कापडाचे केंद्र! केंद्राने २०२०मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यातला संशोधनाचा पैसा मागायला आपल्यातले किती जण पुढे आले?

परदेशी जायचे असेल तर राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात नॉनवोव्हनसाठी स्वतंत्र संस्था आहे. होय, तेच नॉर्थ कॅरोलिना, जिथे मेरी केनर जन्मली.

अभियंताच व्हायला हवे असेही नाही. पॉलिमर शिकलेला रसायनशास्त्राचा पदवीधर, गुणवत्ता तपासणारा डिप्लोमाधारक, रात्रपाळीत चालू लाइन दुरुस्त करणारा आयटीआयचा फिटर, या सगळ्यांना इथे काम आहे. विज्ञानाची पदवी असेल तर वकिली न शिकताही पेटंट एजंटची परीक्षा देता येते. पेटंट महानियंत्रकांचे कार्यालय तर आपल्या अँटॉप हिलला आहे. व्यक्तीने स्वतः ऑनलाइन अर्ज केला तर अर्जाची मूळ फी सोळाशे रुपये. त्यापुढे तपासणीची वगैरे फी लागते, पण केनरबाईला जी पायरी चढायला अर्धे आयुष्य लागले ती पायरी आज एका मोबाइलच्या किमतीहून स्वस्त आहे. उद्योग काढायचा असेल तर स्टँडअप इंडियात २०२५पर्यंत दहा लाख ते एक कोटीचे कर्ज मिळत होते, अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी स्वतंत्र व्हेंचर कॅपिटल फंड आहे. बँक टाळाटाळ करील, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच चार जणांनी मिळून जा आणि नकार लेखी मागा.

चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. जयंतीला डीजेवर जो खर्च होतो त्याच्या चौथ्या हिश्शात एका मुलीची एका वर्षाची वसतिगृहाची फी भरता येते. शिबिरात आपण एमपीएससी-यूपीएससीचे वक्ते बोलावतो. एखाद्या वर्षी कारखान्यात काम करणारा आपला अभियंता बोलवा, आणि त्याच मंचावर कचरा वेचणाऱ्या ताईंनाही बोलवा. एकाने वस्तू कशी बनते ते सांगावे, दुसरीने ती कशी उचलावी लागते ते सांगावे. या दोघांची गाठ घालून देणे हेच आपले काम आहे.

त्या मुलीकडे आम्ही महिनाभराने गेलो. वडिलांसमोर बसून हे सगळे सांगितले. पॅडचे नाव काढताच ते थोडे अवघडले, मग म्हणाले, "आमच्या लाइनीत हेच तर अडकलेलं निघतं, सर." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी पोरीकडे पाहून विचारले, "हे न अडकणारं बनवता येईल का गं?"

तिने टेक्स्टाईलची जागा घेतली आहे. तिला अजून काहीच येत नाही, पहिले वर्ष आहे, गणित जड जाते म्हणते. पण प्रश्न तिच्या घरातलाच आहे आणि तो तिच्या बापाने विचारला आहे. आजोबांना साळखात्याच्या दारातून परत पाठवणाऱ्यांना त्यांच्या पणतीने द्यायचे उत्तर याच प्रश्नातून निघेल. तिच्यासारख्या शंभर मुली हव्यात. तुमच्या वस्तीतली पहिली मुलगी कोण, ते या आठवड्यात शोधा.

जय भीम!